पुठ्ठ्यांची माळ

अशोक चौकाच्या मागे, पहिल्या मजल्यावर,
ती खोली एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात होती.
बारा कपाटं. प्रत्येकाला एकच काम:
हे फोन कुणाचा ते ओळखणार,
हे बोलणं कुठे न्यायचं ते ठरवणार,
ते कोपऱ्यातलं फक्त पैसे मोजणार,
आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं
तर जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखं ढिम्म.

मे महिन्यात अख्ख्या पेठेत
गार असलेली ती एकच जागा.
सरोजाक्का बोद्दूल विड्या वळता वळता उठायच्या,
ताकाची कळशी दारात आणून ठेवायच्या.
'तुझ्या मशिनीजवळ असू दे रे तासभर.'
नियमात बसत नव्हतं. मी बसवलं.

गेल्या फेब्रुवारीत टेम्पो आला.
कपाटं जिन्यावरून उतरली, किलोवर गेली.
भंगारवाल्याने विचारलं, यात तांबं किती?
त्यांची सगळी कामं आता पुण्यात,
एकसारख्या, बिनचेहऱ्याच्या यंत्रांच्या रांगेत.
यंत्राला स्वतःचं काम नाही.
सांगाल ते होतं:
सकाळी पत्ते शोधतं, दुपारी हिशेब,
रात्री काहीच नाही.
इथे एसी तेवढा चालू राहिला,
कुणी बंद करायचा ते ठरलं नव्हतं म्हणून.

मला हे नवीन वाटायला हवं होतं.
पण मी राजमल्लू चिलकाचा मुलगा.
बाप जॅकार्डचे पुठ्ठे पाडायचा. भोक म्हणजे धागा वर,
भोक नाही म्हणजे खाली.
मोराची चादर संपली, कमळाची आली,
तर माग तोच, धोटा तोच,
वरची पुठ्ठ्यांची माळ तेवढी बदलायची.
'माग बिनडोक असतो,' म्हणायचा,
'नक्षी त्याच्या डोक्यावर टांगलेली असते.'

जुलैत, पहाटे तीन वीसला,
नवी माळ चढवताना काहीतरी उलटं गेलं.
जुळे सोलापूर ते विडी घरकुल, सगळं मुकं.
मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिकाम्या खोलीत उभा.
कुठला स्क्रू?
तिथून सिव्हिलच्या दाराशी गेलो.
एक माणूस फोन हवेत धरून
पायऱ्या चढत होता, उतरत होता.
पंचेचाळीस मिनिटांनी कुणीतरी,
मला कधीच न दिसलेल्या खोलीत,
कालचीच परत चढवली.

आमच्याकडेही झालं होतं. एक पुठ्ठा उलटा लागला
आणि तीन चादरी बिनडोक्याच्या मोरांच्या निघाल्या.
विकल्या जाईनात. आम्ही भावंडं
त्याच पांघरून वाढलो.
बापाला निदान तो पुठ्ठा हातात घेता आला,
दिव्यासमोर धरून, चुकलेल्या भोकातून
आमच्याकडे बघता आलं.

गड्ड्याला पूर्वी आम्ही ट्रकवर टॉवर आणायचो.
होम मैदानाच्या कडेला जनरेटर, ताडपत्री,
रात्रभर डास आणि मी.
या जानेवारीत खांबांवर चार छोट्या पेट्या,
आणि पुण्याहून शर्वाणी नावाच्या मुलीचा मेसेज:
'गर्दी वाढतेय, इथून वाढवते.'
शोभेची दारू उडाली,
लोकांनी एकदमच ते आकाश कुणाकुणाला पाठवलं,
आणि गेलं की.
दोन वाजता तिने वाढवलेलं सगळं मिटून टाकलं.
पाळणेवाल्यांनी बांबू उपटले की मैदानात खड्डे राहतात.
सकाळी उगाच फिरलो,
तिचे शोधत.

एप्रिलमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं,
एसी नेला. घरमालकाने किल्ली मागितली.
द्यायच्या आधी झाडून घेतलं.
फरशीवर कपाटांचे बारा चौकोन, जरा उजळ.
सरोजाक्का कळशी घेऊन दारात.
'गार हवापण पुण्याला नेली का रे?'
मी सांगू लागलो, की आता काहीच
एका जागी नसतं, अक्का, म्हणजे असतं, पण
त्यांनी कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.
'ताक तर एका जागीच ठेवावं लागतं.'

भिंतीतून दोन वायरी लोंबत होत्या.
टोकांना पट्टी गुंडाळली, घट्ट,
बाप तुटलेला धागा जोडायचा तशी नाही,
नुसती, कुणाला शॉक लागू नये म्हणून.